अंगठ्याखालचा पीळ

पद्माकर खांबेटे हा माणूस मला पहिली आठ वर्षं अजिबात आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. गाझियाबादच्या ज्या खाजगी विद्यापीठात आम्ही दोघं नोकरी करतो, तिथे दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर नेटवर्किंगचा पहिलावहिला कोर्स असतो. थिअरी मी शिकवते, लॅब खांबेटेसर सांभाळतात. पहिल्या प्रॅक्टिकलला मुलांना नेटवर्कची केबल तयार करायला शिकवायची असते. केबलच्या राखाडी वेष्टनात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार भरीव रंगाची आणि दुसरी त्याच रंगाची, पण पांढऱ्या पट्ट्याची, दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या. हे पीळ सोडवायचे, आठही तारा ठरलेल्या क्रमाने ओळीत लावायच्या, पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि पक्कडीने दाबायच्या. सर हे काम डोळे मिटून करायचे.

"देखो, आँखों की ज़रूरत ही नहीं है," असं म्हणून ते मान वर करून उभे राहायचे आणि बोटं आपली चालू. दीड मिनिटात केबल तयार. मुलं टाळ्या वाजवायची, मोबाइलवर व्हिडिओ काढायची. मी दारात उभी राहून मनात म्हणायचे, काय हा तोरा. मी पुण्याची, माझी जीभ तशी सैलच. बावीस वर्षांत एक बढती नाही, केबिन नाही, तरी ऐट बघा, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणूनही गेले. ते शेजारच्याच खुर्चीत डबा खात होते. त्यांनी नुसती पोळी मोडली.

त्यातून आम्ही राहायला एकाच सोसायटीत, दिल्लीच्या मयूर विहारला. मी चौथ्या मजल्यावर, ते दुसऱ्या. त्यांचे वडील सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले, हे इथेच जन्मले, त्यामुळे मराठी बोलतात ती घरात जपून ठेवलेली, मधूनमधून "अच्छा" आणि "बिल्कुल" पेरलेली. रोज सकाळी त्यांच्या जुन्या गाडीतून मी कामाला जायचे. फुकटची सोय होती म्हणून तोंड आवरून धरलं होतं, खोटं कशाला बोलू. लॅबमध्ये मी त्यांना सर म्हणायचे आणि लिफ्टमध्ये काका. ते मला सुखदाबाई म्हणायचे, लॅबमध्ये मॅडम.

माणूस विक्षिप्त वाटायचा. बाराही महिने पांढरा शर्ट आणि काळी पँट. सोसायटीच्या दारात भाजीची गाडी आली तर कांदे-बटाटे घ्यायचे, पण केळी किंवा टोमॅटो घ्यायचे असले की त्यांच्या पत्नी सरलाकाकू खाली येईपर्यंत थांबायचे. गाडी चालवताना सिग्नल आला की पुढे जागा असली तरी दुसऱ्या कुणाला तरी पुढे जाऊ द्यायचे आणि त्याच्या मागे उभे राहायचे. मला वाटायचं, भित्रा आहे बिचारा. हे मात्र बरोबर निघालं.

लॅबमध्ये त्यांचा एक नियम होता. पक्कड दाबण्याआधी ओळीत लावलेल्या तारा त्यांना दाखवायच्या. वेष्टनाच्या तोंडाशी अर्धा बोटभर पीळ तसाच राहू द्यायचा, तो अजिबात सोडायचा नाही. सर त्या मुळाशी अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे "ठीक", नाहीतर कात्रीने सगळं कापून "दोबारा". त्यांचं कधी चुकलं नाही. त्यांच्याशी कुणी हुज्जत घालायचं नाही.

कृतिका नावाची एक मुलगी मात्र त्यांच्या या विद्येच्या मागेच लागली होती. मागच्या वर्षी ती या विषयात नापास झालेली, थिअरीत, म्हणजे माझ्याकडे. अबोल मुलगी. यंदा तिला सगळं पुन्हा द्यायचं होतं, आणि या खेपेला नापास झाली तर नियमाप्रमाणे अख्खं वर्ष पुन्हा. दुपारी लॅब रिकामी असली की ती कोपऱ्यात बसून, डोळे घट्ट मिटून, केबलच्या तुकड्यांवर सरांसारखा अंगठा फिरवत बसायची. मी एकदा तिला म्हटलं, "परीक्षा आँखें खोलकर देनी है, बेटा." ती हसली नाही.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरच्या कॉलेजातून मीनाक्षी मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या, शब्दाला शब्द न वाढवणाऱ्या. नियम असा की केबलसाठी प्रत्येकाला दोन संधी, सरांनी तारा कापल्या तरी एक गेली. दोन्ही चुकल्या तर पुढचं काही तपासतच नाहीत, सरळ शून्य. नियमित मुलं आधी आणि जुनी राहिलेली शेवटी, त्यामुळे कृतिकाचा नंबर सर्वांत शेवटचा. तिची पाळी आली आणि केबलचं खोकं संपलं. स्टोअरमधून नवं खोकं आलं, ते वेगळ्याच कंपनीचं. यंदा खरेदी खात्याने पुरवठादार बदलला होता.

मी त्या वेळी गुणपत्रिकांचा लिफाफा आणायला परीक्षा विभागात गेले होते. मागे काय घडलं ते नंतर मी तिघांच्याही तोंडून ऐकलं. मीनाक्षी मॅडम पलीकडच्या टोकाला आधीच्या मुलांचे गुण लिहीत होत्या. कृतिकाने तारा ओळीत लावल्या आणि सरांपुढे धरल्या. सरांनी अंगठा फिरवला, जरा थांबले, पुन्हा फिरवला आणि कापून टाकल्या. "ग़लत. दोबारा." ती हळू आवाजात म्हणाली, "सर, सही था." सर म्हणाले, "दोबारा." क्रम तिला पाठ होता, डोळ्यांना तो बरोबर दिसत होता, पण खांबेटेसर चूक म्हणतात म्हणजे आपलंच काहीतरी उलटं झालं असणार, असं तिला वाटलं. तिने नारंगीच्या जागी हिरवी आणि हिरवीच्या जागी नारंगी लावली. सरांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठीक." तिने पक्कड दाबली. मीनाक्षी मॅडमनी कनेक्टर खिडकीकडे धरून पाहिला आणि कागदावर शून्य लिहिलं.

मी आत आले तेव्हा कृतिका म्हणत होती, "मॅम, सर ने ख़ुद ठीक कहा था."

"झूठ बोलने से नंबर नहीं मिलते," मीनाक्षी मॅडम म्हणाल्या.

"सर, आप बताइए ना."

सर टेबलावरच्या कात्रीकडे बघत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मुझे ध्यान नहीं है."

कृतिकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग आपली बॅग उचलली आणि निघून गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

खोली आवरताना कचऱ्याच्या डब्यात तिची पहिली, कापलेली केबल सापडली. आठही तारा ओळीत चिकटून होत्या आणि क्रम पुस्तकात असतो तसा, तंतोतंत. मी ती पर्समध्ये टाकली. जेमतेम एका रात्रीचा आणि सकाळचा वेळ होता: शुक्रवारी दुपारी बाराला गुण कॉम्प्युटरवर चढवून यादी बंद होते, मग ती कुणाला उघडता येत नाही.

संध्याकाळी साडेपाचलाच धुकं उतरलं. गाडीत मी तो तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला. "काका, हे बरोबर होतं. तुम्ही का कापलंत? आणि चुकीचं पास करून वर तिलाच खोटं पाडलंत?"

त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. पुढे चौक आला. एरवी जिच्या मागे उभे राहायचे तशी एकही गाडी आज पुढे नव्हती. धुक्यात फक्त एक फिकट उजेड लोंबत होता. त्यांनी गाडी थांबवली. मागून हॉर्न सुरू झाले, एक, मग चार, मग नुसता कल्लोळ.

"चला ना काका."

"सुखदाबाई," ते म्हणाले, "तो सिग्नल आहे की रस्त्याचा दिवा?"

"सिग्नल आहे. हिरवा आहे की."

"नक्की हिरवा? बिल्कुल?"

"हिरवा आहे!"

त्यांनी गाडी पुढे काढली. मग मला हळूहळू उमजायला लागलं. पांढरे शर्ट, टोमॅटो, दुसऱ्याच्या मागे उभं राहणं, मिटलेले डोळे. नऊ वर्षं मी या माणसाशेजारी बसून या रस्त्यावरून येत-जात होते. आधी भीती वाटली आणि तिच्यापाठोपाठ संताप आला.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं.

बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत. एकविसाव्या वर्षी ते रेल्वेची परीक्षा पास झाले होते. मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, यात आकडा कुठला? त्यांना आकडाच दिसेना. निळा रंग आणि पांढरा पट्टा तेवढा नीट कळतो. नारंगी, हिरवा, तपकिरी हे सगळे त्यांना मोहरीच्या चटणीसारखे, कमीजास्त. घरी आल्यावर वडील म्हणाले, घरातली गोष्ट घरात राहू दे, नाहीतर कुठेच नोकरी मिळणार नाही. मग ते टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले. तिथे तर सगळा कारभार रंगांचाच. पहिल्याच आठवड्यात चुकले, शिव्या खाल्ल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जोड्यांचे पीळ सारखे नसतात.

हे तर मीच दरवर्षी फळ्यावर शिकवते: एका जोडीतली खळबळ शेजारच्या जोडीत झिरपू नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा, कुठे घट्ट, कुठे सैल. नऊ वर्षं शिकवलं, पण बोटाने कधी चाचपून पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं. लॅबच्या केबलमध्ये हिरवीचा पीळ सगळ्यात घट्ट, नारंगीचा मधला, तपकिरीचा सैल. डोळे उघडे ठेवले तर डोळेच फसवतात, म्हणून मिटायचे. मुलांना ती ऐट वाटली, आणि त्यांनी वाटू दिली.

"आणि नवीन खोकं?" मी विचारलं.

"कंपनी बदलली की पीळही बदलू शकतो. म्हणून खोकं नवीन आलं की हातभर तुकडा घरी नेतो. सरला रंग सांगते, मी बोटाने पाठ करतो. आज वेळ नव्हता. पहिल्यांदा अंगठा फिरवला तेव्हाच शंका आली होती. नुसतं विचारायचं होतं, बेटा, ये कौन सा रंग है. एका वाक्याचं काम होतं." ते थांबले. "चाळीस जणांसमोर शिकवलंय मी, पण ते एक वाक्य तोंडातून निघेना."

नोकरीच्या फॉर्ममध्ये 'रंगदृष्टी' असा रकाना होता. त्यात त्यांनी 'सामान्य' लिहिलं होतं. खाली छापलेलं वाक्य त्यांनी मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, बावीस वर्षांनंतरही: माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

"मला भीती वाटते, सुखदाबाई. आजच नाही, रोज वाटते. गेटमधून आत जाताना वाटते, कुणी हाक मारली की वाटते. कुणी म्हणालं, सर, तो लाल फोल्डर द्या, की ऐकलंच नाही असं दाखवतो."

मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं. कृतिकाचं वर्ष त्या यादीत अडकलं होतं.

घरी सरलाकाकूंनी आमचे चेहरे पाहून चहा टाकला. त्यांना सगळं ठाऊक होतं, मुलाला, चिन्मयला, मात्र ठाऊक नव्हतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. त्या मुलीचं एक वर्ष जाईल, वाईट आहे. पण ती वीस वर्षांची आहे. यांना सत्तावन्नाव्या वर्षी कोण उभं करणार?"

"चष्मा विसरलो होतो म्हणून सांगा," मी सुचवलं. मला स्वतःचीच लाज वाटली, तरी सुचवलं.

"मग डोळे तपासून या म्हणतील," काका म्हणाले. "बरोबर का कापलं, चुकीचं का पास केलं, काहीही सांगितलं तरी वाट तिथेच जाते."

मी उठले. दारात आल्यावर माझ्या जिभेने जे करायचं तेच केलं. "उद्या तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

सरलाकाकूंनी माझ्याकडे बघितलं. "नऊ वर्षं तुला घरचं माणूस समजलो," एवढंच म्हणाल्या. काकांनी खिशातून नव्या केबलचा हातभर तुकडा काढून टेबलावर ठेवला होता, सवयीने. काकूंनी हात पुढे केला, "द्या, सांगते रंग." काकांनी तुकडा पुन्हा खिशात घातला आणि म्हणाले, "आज नको."

झोप लागली नाही. आपण म्हटलं खरं, पण उद्या या माणसाची नोकरी आपल्या तोंडाने घालवायची वेळ आली तर? आणि नाही घालवली तर त्या मुलीला तोंड कसं दाखवायचं? सकाळी खाली आले तर पार्किंगमध्ये त्यांची गाडी नव्हती. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. फोन बंद. मला नाही नाही ते सुचायला लागलं. अशा धुक्यात हा माणूस एकटा गाडी घेऊन कुठे गेला असेल? पळून गेला? की आणखी काही? मेट्रो, मग रिक्षा, धुक्यात रिक्षावाला मुंगीच्या पावलाने चाललेला, आणि मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. विद्यापीठाच्या गेटमधून आत शिरले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडी तिथे उभी होती. सरलाकाकू पुढच्या सीटवर बसून होत्या, शाल घट्ट लपेटून. रस्ताभर सिग्नलचे रंग त्यांनीच सांगितले असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त लॅबच्या दिशेने मान हलवली.

लॅबमध्ये तिघंच होते. मीनाक्षी मॅडम कोट चढवून बसल्या होत्या, शेजारी उघडा लॅपटॉप. कृतिकाला सरांनी बोलावून घेतलं होतं, ती भिंतीला टेकून उभी होती, आणखी काय ऐकावं लागतंय या भीतीने ओठ मिटून. सरांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. त्यावर तो खिशातला तुकडा, वेष्टन सोललेलं, चारही जोड्या फाकवलेल्या, मुळाशी पीळ तसाच. बाजूला त्यांच्या हाताने लिहिलेला, सही केलेला कबुलीचा एक कागद. त्या कागदाचं पुढे काय होणार हे त्यांना माहीत होतं. सोमवारी मेडिकल तपासणीचं पत्र आलंच, आणि लॅबची किल्ली त्याच दिवशी जमा करावी लागली. चौकशी अजून चालू आहे.

पण ते सोमवारी. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला आत आलेलं पाहिलं, घसा साफ केला आणि डोळे उघडे ठेवले. कृतिकाकडे वळून म्हणाले, "बेटा, इसमें नारंगी कौन सा है? मुझे दिखता नहीं. कभी नहीं दिखा."

मीनाक्षी मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि लॅपटॉप जवळ ओढला; यादी बंद व्हायला अजून अर्धा तास होता.

कृतिका जागची हलली नाही. तिची नजर सरांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या हाताकडे गेली, त्या उजव्या अंगठ्याकडे, जो पाहून पाहून ती महिनोन् महिने कोपऱ्यात बसून शिकत होती. तिला सगळं कळलं असावं.

ती टेबलाशी आली. एका जोडीवर बोट ठेवून म्हणाली, "ये, सर." मग तिने त्यांचा अंगठा धरला, त्या जोडीच्या मुळाशी नेऊन टेकवला आणि हलकेच फिरवला.

"इस कंपनी का उल्टा है, सर. इसमें नारंगी ज़्यादा कसा हुआ है. कल मेरे हाथ को भी हरा ही लगा था."